चालत्या हवेतला आकडा : एअरब्रशचा रेग्युलेटर नीट कसा लावायचा

तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल रंगवायचं माझं काम आषाढात सुरू होतं. पहिल्या वर्षी एअरब्रश, म्हणजे हवेच्या जोराने रंग फवारणारा ब्रश, नवा होता, त्याला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर नवा होता, आणि रंग मात्र बैलाच्या वशिंडावर रव्यासारखा पडत होता. राखाडी छटा धुरासारखी विरत जायला हवी, तिथे बारीक-मोठे ठिपके. रंग पातळ केला, कापडातून गाळून घेतला, नोझल काढून तीनदा धुतलं. हवेचा दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरचं गेज, म्हणजे दाबाचं मीटर, २० पीएसआय (दर चौरस इंचाला २० पौंड) दाखवत होतं, म्हणून त्याच्यावर संशयच आला नाही.

शेवटी सगळं सामान घेऊन नागपूरच्या चितार ओळीत गेले. तिथल्या एका मूर्तिकार काकांनी ब्रशमधला रंग ओतून टाकला, रिकाम्या ब्रशचा ट्रिगर दाबून धरला आणि म्हणाले, "आता मीटर पाय बरं." काटा २० वरून घसरून १२ वर येऊन थांबला होता. "तू बंद हवेत आकडा लावून राहिली, पोरी. काम तर चालत्या हवेत होते ना?"

एअरब्रश नवा घेणाऱ्यांकडून सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच आहे. तिच्यामुळे माणूस रंगाला दोष देतो, नोझल बदलतो, कधी कधी छंदच सोडून देतो. म्हणून हे सगळं मुळापासून सांगते.

घरातला रेग्युलेटर आठवा

स्वयंपाकघरातल्या सिलिंडरवर एक रेग्युलेटर बसलेला असतो. सिलिंडरच्या आतला दाब नागपूरच्या मे महिन्यात वेगळा आणि डिसेंबरात वेगळा, कारण तो तापमानाबरोबर बराच वरखाली होतो. तरी शेगडीची ज्योत बाराही महिने सारखीच जळते. कारण रेग्युलेटर पुढे सुमारे ३० मिलिबार एवढाच दाब जाऊ देतो, मागे काहीही चाललेलं असो. हा आकडा कारखान्यातच पक्का केलेला असतो, आपल्या हातात फक्त चालू-बंद. एअरब्रशचा रेग्युलेटरही हेच काम करतो, फक्त इथे आकडा आपण ठरवतो.

बरेच जण त्याला नळ समजतात. नळ नुसती वाट अरुंद करतो. नळ अर्धवट उघडा ठेवून ब्रश बंद केलात, तर थोड्याच वेळात पाइपमध्ये कॉम्प्रेसरच्या टाकीएवढाच दाब चढून बसेल, आणि पुढच्या वेळी ट्रिगर दाबल्याबरोबर रंगाचा भपकारा उडेल. रेग्युलेटर तसं होऊ देत नाही. पुढचा दाब ठरलेल्या आकड्याला पोचला की तो स्वतःहून वाट बंद करतो, आणि दाब उतरला की स्वतःहून उघडतो.

हे त्याला कळतं कसं? वरची गुंडी फिरवली की आत एक स्प्रिंग दाबली जाते. स्प्रिंगखाली रबराचा गोल पडदा असतो. पडद्याखाली एक दांडी, आणि दांडीच्या टोकाला छोटी झडप. स्प्रिंग पडद्याला खाली ढकलते, झडप उघडते, टाकीतली हवा पुढे जाते. पुढे गेलेली हवा एका बारीक भोकातून पडद्याच्या खालच्या बाजूला येते आणि त्याला वर ढकलते. वरून स्प्रिंग, खालून हवा. दोघांची बरोबरी झाली की झडप मिटते. पडदा ३ सेंटिमीटर व्यासाचा धरला तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस सेंटिमीटर येतं. २० पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १.४ किलो. म्हणजे त्या एवढ्याशा पडद्यावर दोन्ही बाजूंनी जवळजवळ १०-१० किलोचा जोर लागलेला असतो. गुंडी वर चढवताना हाताला जड लागते ती या स्प्रिंगमुळे.

आता काकांचं वाक्य इथे आणून ठेवा. ब्रश बंद असताना झडप मिटलेली असते. ट्रिगर दाबला की हवा सुटते, पडद्याखालचा दाब उतरतो, स्प्रिंग पडद्याला आणखी खाली नेते आणि झडप उघडते. पण खाली जाताना स्प्रिंग थोडी सैल होते, आणि सैल स्प्रिंगचा जोर कमी पडतो. म्हणून हवा वाहत असताना रेग्युलेटर जो दाब राखतो तो बंद हवेतल्या दाबापेक्षा नेहमीच कमी असतो. किती कमी? रेग्युलेटर बारीक असेल, नोझल मोठं असेल, तर फरक वाढतो. कुणाकडे २ पीएसआय, कुणाकडे ८. त्यात पुढचा पाइप लांब आणि बारीक असेल तर ब्रशपर्यंत पोचताना दाब आणखी थोडा गळतो, आणि तो गेजला दिसतही नाही. म्हणून दुसऱ्याने सांगितलेला आकडा जशाच्या तसा लावून उपयोग नसतो. त्याचा पाइप वेगळा, त्याचं नोझल वेगळं, आणि त्याने आकडा बंद हवेत वाचला की चालत्या, हे त्याने सांगितलेलं नसतं.

पीएसआय, बार आणि किलो

गेजवर बहुधा दोन वर्तुळं असतात. एकावर पीएसआय, दुसऱ्यावर बार किंवा किलो प्रति चौरस सेंटिमीटर. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय, १ किलो म्हणजे १४.२. आपल्या कामापुरते दोन्ही सारखेच धरा. हाताला अंदाज यावा म्हणून सांगते: कुकरची शिट्टी उडते तेव्हा आत साधारण १ किलो, म्हणजे १४-१५ पीएसआय दाब असतो. कारच्या चाकात आपण ३० ते ३३ भरतो. एअरब्रशचं बहुतेक काम या दोहोंच्या मधे, कुकर आणि चाकाच्या दरम्यान होतं.

गेज शून्य दाखवतं तेव्हाही भोवतालच्या हवेचा दाब असतोच. गेज फक्त त्याच्या वरचा दाब मोजतं. म्हणून नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटर उंच आहे याची रंगकामात काळजी करायची गरज नाही.

जोडणी

आपल्याकडे छंदासाठी मिळणारे बहुतेक कॉम्प्रेसर लहान पिस्टनचे असतात. मिनिटाला २० लिटरच्या आसपास हवा, खाली ३ लिटरची टाकी. टाकीतला दाब ४ बारला पोचला की मोटर आपोआप बंद होते, ३ बारला उतरला की पुन्हा सुरू. हे दोन आकडे लक्षात ठेवा, कारण रेग्युलेटर दाब कमी करू शकतो, वाढवू शकत नाही. ३ बार म्हणजे सुमारे ४३ पीएसआय. तुम्हाला ४५ हवा असेल तर टाकी अर्धा वेळ तेवढा देऊच शकणार नाही आणि काटा डोलत राहील. ज्या कॉम्प्रेसरला टाकीच नाही त्याच्यात पिस्टनचा प्रत्येक ठोका पाइपमधून ब्रशपर्यंत येतो आणि बारीक रेघ थरथरते. टाकी घ्याच, हे माझं स्पष्ट मत आहे.

काही कॉम्प्रेसरवर रेग्युलेटर बसवूनच येतो. वेगळा घेतला असेल तर आधी त्याच्या अंगावरचा बाण शोधा. हवा ज्या दिशेने जायची ती दिशा बाण दाखवतो. उलटा बसवला तर रेग्युलेटर कामच करत नाही, आणि बाहेरून पाहून ते कळतही नाही. रेग्युलेटरखालची, हवेतलं पाणी अडवणारी पारदर्शक वाटी सरळ खाली लोंबली पाहिजे. ती तिरकी असेल तर तिच्यात साचलेलं पाणी हवेबरोबर पुढे जातं.

मग आटे. लोहा ओळीतल्या दुकानात यांना चुडी म्हणतात. रेग्युलेटरला बहुधा पाव इंची आटे असतात, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत दोन सूत, आणि एअरब्रशच्या पाइपला एक सूत, म्हणजे पाव इंचाचं अर्धं. मात्र पट्टीने मोजायला गेलात तर गोंधळ होईल. एक सूत बीएसपी (पाइपच्या आट्यांचं ब्रिटिश माप) म्हणतात तो आटा बाहेरून जवळजवळ ९.७ मिलिमीटर असतो आणि दोन सूत १३ च्या थोडा वर. माप नावात वेगळं आणि हातात वेगळं, कारण हे नाव मूळ पाइपच्या आतल्या भोकावरून पडलेलं आहे. माझा सल्ला साधा आहे: पाइप, ब्रश आणि रेग्युलेटर तिन्ही पिशवीत घालून दुकानात न्या आणि काउंटरवरच फिरवून पाहा. पहिले दोन-तीन फेरे बोटांनी मऊ फिरले पाहिजेत. जोर लावावा लागत असेल तर आटे जुळत नाहीत. पाना लावून बळजबरी केली तर पितळेचे आटे कायमचे जातात.

टेफ्लॉन टेप निमुळत्या आट्यांवर दोन-तीन वेढे, आट्याच्या टोकाकडून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. म्हणजे जोड आवळताना टेप सुटत नाही. पहिला आटा मोकळा सोडा, नाहीतर टेपचा तुकडा आत तुटून थेट नोझलपर्यंत जाईल. ब्रशच्या टोकाला जिथे रबराची रिंग असते तिथे टेप अजिबात नको, तिथे हवा रिंगच अडवते.

औद्योगिक सामानाच्या दुकानात तुम्हाला कुणी तीन भांड्यांचा संच दाखवेल: गाळणी, रेग्युलेटर आणि तेलाचं भांडं. एमआयडीसीतल्या हवेवर चालणाऱ्या हत्यारांसाठी तो उत्तम, कारण त्यांना तेल लागतं. रंगकामाच्या हवेत तेलाचा एक थेंबही चालत नाही. रंग त्या जागी धरतच नाही, माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पडतात. तेलाचं भांडं नसलेला दोन भांड्यांचा संच मागा.

आणखी एक गोष्ट, आणि ही जपाच. ती पारदर्शक वाटी काचेची दिसली तरी बहुधा पॉलिकार्बोनेटची असते. थिनर किंवा अॅसिटोन लागलं तर तिच्यात केसासारख्या चिरा पडतात, आणि आत दाब असताना ती फुटू शकते. वाटी धुवायची फक्त साबणाच्या पाण्याने. थिनरचं फडकं हातात असेल तर त्या हाताने वाटीला शिवायचंसुद्धा नाही.

आकडा लावणं

कॉम्प्रेसर सुरू करण्याआधी गुंडी वर ओढा, म्हणजे तिची कडी सुटते, आणि उलटी फिरवत पूर्ण सैल करा. टाकी भरून मोटर बंद होऊ द्या. आता साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर कुंचल्याने लावा. बुडबुडे आले तिथे हवा गळते. पुढचा प्रत्येक आकडा या जोडांवर उभा आहे, तेव्हा ही दोन मिनिटं वाचवू नका.

मग रिकामा ब्रश हातात घ्या. ट्रिगर पूर्ण खाली दाबा, मागे ओढू नका. नुसती हवा सुटू द्या, आणि ती सुटत असतानाच दुसऱ्या हाताने गुंडी घड्याळाच्या दिशेने हळूहळू फिरवा. काटा चढत जाईल. हवा वाहत असताना २० दिसले की थांबा. ट्रिगर सोडा. काटा आता २३-२४ वर जाऊन उभा राहील. तो तसाच असू द्या. बंद हवेतला हा आकडा वहीत लिहून ठेवा, कारण तुमच्या या रेग्युलेटरला, या पाइपला, या नोझलला २० चालतं म्हणजे २४ थांबतं, ही तुमची स्वतःची जोडी आहे. पुढच्या वेळी ती लगेच कामी येते.

चुकून २० च्या पुढे गेलात तर तिथूनच मागे येऊन २० वर थांबू नका. १५ पर्यंत खाली या आणि पुन्हा वर चढा. खालून वर येताना आणि वरून खाली येताना स्प्रिंग, पडदा आणि रबरी रिंग यांचं घर्षण उलट दिशांना लागतं. वरून येऊन थांबलं तर काटा २० म्हणेल, आणि दोन-तीन वेळा ट्रिगर दाबला की दाब हळूच भलतीकडे सरकलेला असेल. खालून आलेला आकडा टिकतो. विहिरीवर रहाट ओढणाऱ्याला दोर ताणून धरायची सवय असते, तशी ही सवय हाताला लावून घ्या.

गुंडी उलटी फिरवताना वरच्या भोकातून सुस्कारल्यासारखी हवा सुटते. ते ठीक आहे. पुढचा जादा दाब रेग्युलेटर बाहेर सोडून देतो. काही स्वस्त रेग्युलेटर हे करत नाहीत. तिथे दाब उतरवताना ब्रशचा ट्रिगर दाबूनच ठेवावा लागतो, नाहीतर काटा हलत नाही आणि माणूस गुंडी फिरवतच राहतो.

आकडा बसला की गुंडी खाली दाबून कडी लावा. लहान मुलं असलेल्या घरात तर नक्कीच.

गेजवर किती विश्वास ठेवायचा

हे मला कुणी सुरुवातीला सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. गेजच्या तबकडीवर बारीक अक्षरात एक आकडा छापलेला असतो, लहान गेजवर बहुधा २.५. त्याचा अर्थ असा की गेज त्याच्या पूर्ण पल्ल्याच्या अडीच टक्क्यांपर्यंत चुकू शकतं. पूर्ण पल्ल्याच्या, समोर दिसणाऱ्या आकड्याच्या नाही. गेज ० ते १० बारचं असेल तर चूक पाव बारपर्यंत, म्हणजे सुमारे साडेतीन पीएसआय. तुम्ही १५ लावलेत आणि खरे साडेअकरा असतील, किंवा साडेअठरा. बैलाच्या डोळ्याची कड काढताना एवढा फरक म्हणजे एक रंगवलेला आणि एक बिघडलेला डोळा.

उपाय महाग नाही. ० ते ४ बारचं गेज लावा. तेवढ्याच अडीच टक्क्यांत चूक दीड पीएसआयच्या आत येते, आणि काटा तबकडीच्या कोपऱ्यात न राहता मोकळ्या जागेत फिरतो. रेग्युलेटरही कमी पल्ल्याचा मिळाला तर घ्या. १० बारच्या स्प्रिंगला गुंडी जराशी फिरवली की ५ पीएसआयची उडी बसते, ४ बारच्या स्प्रिंगला तेवढ्याच फेऱ्यात कितीतरी बारीक चढता येतं.

मग आकडा कोणता?

०.३ मिलिमीटरचं नोझल, दुधाइतका पातळ अॅक्रिलिक रंग, आणि हात बैलापासून वितीवर असेल तर चालत्या हवेत १८ ते २२ पासून सुरुवात करा. बैलाची नाकपुडी, डोळ्याची कड, शिंगाच्या टोकाची सावली यांसाठी हात दोन बोटांवर येतो, तेव्हा दाब १० ते १५. एवढ्या कमी दाबाला रंगही तितकाच पातळ लागतो, नाहीतर तो फुटत नाही. प्राइमर (रंगाखालचा अस्तराचा थर) किंवा झुलीचा सपाट लाल रंग ०.५ च्या नोझलने मारायचा तर २५ ते ३०. कापडावर रंगवणारे ४० पर्यंत जातात, कारण रंग धाग्यात शिरायला हवा.

कारण समजलं की आकडे पाठ करावे लागत नाहीत. नोझलच्या तोंडाजवळून हवा जोरात जाते, तिथे दाब उतरतो, रंग ओढला जातो आणि हवेच्या झोताने फुटून त्याचं धुकं होतं. जाड रंग फोडायला जोर जास्त लागतो. तेव्हा दाब आणि पातळपणा यांचा विचार एकत्रच करायचा.

काळ्या कागदावर पांढरा रंग मारून पाहा. ठिपके रव्यासारखे पडले तर दाब कमी किंवा रंग जाड. ठिपक्याभोवती कोळ्याचे पाय फुटले तर दाब जास्त, रंग फार पातळ किंवा हात फार जवळ. बोट फिरवल्यावर पीठासारखी भुकटी निघाली तर रंग हवेतच वाळला: दाब जास्त किंवा हात लांब. एका वेळी एकच गोष्ट बदला, दाब २ पीएसआयने, आणि परत कागदावर या.

पावसाळा, आणि टाकीतलं पाणी

नागपुरात आपल्या कामाचा हंगाम आणि पावसाचा जोर एकाच वेळी येतो. पोळा श्रावणातल्या अमावास्येला, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबत, चौथ्या-पाचव्या दिवशी गणपती. सगळी घाई बरोबर त्या दिवसांत, जेव्हा पापडसुद्धा डब्यात मऊ पडतो.

३० अंशाला १ घनमीटर हवा सुमारे ३० ग्रॅम पाणी वाफ म्हणून धरू शकते. आर्द्रता ८० टक्के असेल तर तिच्यात २४ ग्रॅम आहेच. कॉम्प्रेसर ही हवा ४ बारपर्यंत दाबतो. भोवतालचा दाब मिळवला तर ती पाचपट दाबली गेली, घनमीटरची २०० लिटर झाली. २०० लिटर हवा ३० अंशाला फक्त ६ ग्रॅम वाफ धरू शकते. उरलेल्या १८ ग्रॅमचं पाणी होणार, दुसरा मार्ग नाही. मिनिटाला २० लिटरने १ घनमीटर हवा ५० मिनिटांत ओढली जाते. म्हणजे तासाभराच्या सलग कामात साडेतीन-चार चमचे पाणी तुमच्या त्या लहानशा टाकीत.

हे पाणी टाकीत थांबलं तर काही बिघडत नाही. पण कॉम्प्रेसर तापतो, टाकी तापते, आणि गरम हवा जास्त वाफ धरते. ती वाफ वाटीतून तशीच निघून जाते, कारण वाटी फक्त थेंब अडवते, वाफ नाही. पुढे पाइपमध्ये हवा थंड होते आणि थेंब तिथे, वाटीच्या पलीकडे, तयार होतात. म्हणूनच पहिला अर्धा-पाऊण तास सगळं छान चालतं आणि मग अचानक ब्रश फट् करून थुंकतो. एकदा असा एक थेंब पांढऱ्या बैलाच्या कपाळावर पडला. नुकत्याच मारलेल्या राखाडी छटेतून तो खाली ओघळला, आणि ओघळाच्या दोन्ही कडांना रंगाची गडद रेघ साचली, डोळ्यातून पाणी आल्यासारखी. ती पुसून निघत नाही. तो भाग घासून परत पांढरा करावा लागतो.

उपाय हवा थंड करण्यात आहे. टाकी आणि रेग्युलेटर यांच्यामधे दोन-तीन मीटर पाइप घाला आणि तो फरशीवर पसरू द्या. तेवढ्यात हवा निवते, पाणी पाइपमध्ये सुटतं आणि वाटीत पकडलं जातं. माझ्या कामात सर्वांत जास्त फरक याने पडला. कॉम्प्रेसरला अर्ध्या तासाने विश्रांती द्या. टाकीवर तळहात ठेववत नसेल तर थांबा. ब्रशच्या अगदी मागे बसणारा, पाणी अडवणारा बोटाएवढा दुसरा ट्रॅपही मिळतो, पावसाळ्यात तो लावावाच.

मे महिन्यात उलट गंमत होते. ४५ अंश, आर्द्रता २० टक्क्यांच्या आत, टाकी जवळजवळ कोरडी. पण आपण खिडकीत कूलर लावतो आणि कॉम्प्रेसर त्याच्यासमोर ठेवतो. कूलरची हवा ओली असते, कॉम्प्रेसर तीच पितो आणि भर उन्हाळ्यात ब्रश थुंकतो. कॉम्प्रेसर कूलरच्या झोतापासून लांब, बाहेरच्या खोलीत ठेवा. उन्हाळ्याची खरी अडचण निराळी आहे: रंग सुईच्या टोकावरच वाळून गाठ धरतो. अशा वेळी हात आपोआप दाब वाढवायला जातो, आणि जास्त हवेने टोक आणखी लवकर वाळतं. दाब २-३ पीएसआय उतरवा, रंगात वाळणं लांबवणारं रिटार्डर थोडं घाला, आणि ओल्या कुंचल्याने टोक मधूनमधून पुसा.

काटा एकटाच चढत असेल तर

ब्रश बंद ठेवून २० वर लावलेलं गेज पाच मिनिटांनी पुन्हा पाहा. ब्रश बंद असूनही मोटर मधूनमधून आपोआप सुरू होत असेल तर कुठेतरी गळती आहे, जोडांना साबणाचं पाणी परत लावून पाहा. काटा हळूहळू वर चढत असेल, २० चे २५, मग ३०, तर झडप नीट मिटत नाही. तिच्या बैठकीवर गंजाचा कण किंवा टेपचा तुकडा अडकलेला असतो. टाकी पूर्ण रिकामी करा, खालचं टोपण उघडा, झडप आणि तिची रबरी रिंग स्वच्छ कापडाने पुसून परत बसवा. बहुतेक वेळा एवढ्याने काम होतं. आणि गुंडीजवळच्या भोकातून हवा सतत, न थांबता सुटत असेल तर आधी ही झडप पुसून पाहा. तरीही सुटत राहिली तर पडदा फाटला आहे, तो बदलायलाच हवा.

काम संपल्यावर मोटर बंद करा. ब्रशमधून पाणी फवारून रंग काढून टाका. मग गुंडी वर ओढून पूर्ण सैल करा, स्प्रिंग रात्रभर दाबलेली ठेवू नका. वाटीच्या खालची कळ दाबून पाणी सोडा, तोंड बाजूला ठेवून. शेवटी टाकीच्या पोटाखालचा छोटा नळ उघडा आणि खाली जुनं फडकं धरा. आधी हवा येईल, मग तांबूस पाणी. आवाज पूर्ण थांबेपर्यंत थांबा, आणि नळ सकाळपर्यंत उघडाच राहू द्या.